ताम्हिणीतला अपघात आणि हेलिकॉप्टर: लवकर पाठवलं तर माणूस वाचतो का?

तुम्ही लिहिलेला घटनाक्रम आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. मे महिन्यातला रविवार. सकाळी अकराच्या सुमारास तुमच्या मोठ्या भावाची गाडी ताम्हिणी घाटातल्या वळणावर उलटली. तिथे रेंज नव्हती, म्हणून एका दुचाकीवाल्याने पुढे जाऊन फोन लावला. तो लागला ११.२० ला. अ‍ॅम्ब्युलन्स १२.०५ ला पोचली, १२.५० ला वाटेतल्या पौडच्या रुग्णालयात. तिथे सलाईन लावून, मांडीला आधार बांधून १.२० ला पुण्याकडे रवाना केलं. सव्वादोनला पुण्यातल्या एका रुग्णालयात पोचलात, तिथे व्हेंटिलेटरचा बेड नव्हता. तीन वाजता दुसरं रुग्णालय, साडेतीनला ऑपरेशन थिएटर. पोटातला रक्तस्राव थांबला नाही आणि तो टेबलवरच गेला. नंतर कोणीतरी म्हणालं, "हेलिकॉप्टर लगेच पाठवलं असतं तर वाचला असता." हे खरं का, असं तुम्ही विचारताय. शिवाय गावातर्फे जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचंय, त्यात काय मागावं, हाही तुमचा प्रश्न आहे.

मी पुण्यात आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे. त्याआधी अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरांना फोनवरून सल्ला द्यायचं काम केलं, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण हवाई मार्गाने नेताना सोबतही गेले आहे. त्या अनुभवावरून उत्तर देते.

तुमचा भाऊ वाचला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. ऑपरेशनच्या नोंदी आणि सीटीचा रिपोर्ट न पाहता जो छातीठोकपणे सांगेल, त्याच्यावर विसंबू नका. पोटातला रक्तस्राव प्लीहेच्या लहानशा फाटीतून होत असेल तर माणूस तासन् तास तग धरतो. यकृतामागची मोठी शीर फाटली असेल तर घटनास्थळी सर्जन हजर असला तरी हात टेकावे लागतात. या दोन टोकांच्या मध्ये जे असतात त्यांच्यासाठी वेळ हेच औषध असतं, आणि तुमचा भाऊ साडेचार तास जगला यावरून तो मधल्या गटात असण्याची शक्यता आहे. तुम्ही त्याला आधी पौडला नेलंत यात तुमची काहीही चूक नाही. त्या क्षणी कोणीही तेच केलं असतं.

आता मूळ प्रश्न. हेलिकॉप्टर ताशी सव्वादोनशे किलोमीटरने जातं आणि अ‍ॅम्ब्युलन्स घाटात चाळीसने, म्हणून लोकांना वाटतं की वेग हाच मुद्दा. प्रत्यक्षात सगळा खेळ त्या पहिल्या फोननंतरच्या पाच मिनिटांत ठरतो. हेलिकॉप्टर फोनवरच्या माहितीवरून निघालं, की अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरने रुग्ण पाहून मागवल्यावर निघालं, यावर ते उपयोगी की निरुपयोगी हे अवलंबून असतं.

याचा एक चांगला अभ्यास कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो परगण्यात झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता: हेलिकॉप्टर कधी लवकर पोचतं? रुग्णालयापासून १० मैलांच्या, म्हणजे १६ किलोमीटरच्या आत अ‍ॅम्ब्युलन्सच जिंकली. त्यापुढे, हेलिकॉप्टर अ‍ॅम्ब्युलन्सबरोबरच सोडलं असेल तर हेलिकॉप्टर जिंकलं. पण हेलिकॉप्टर नंतर मागवलं, तर त्याला जिंकायला ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटरच्या पलीकडचं अंतर लागलं. तेच यंत्र, तोच वैमानिक. फरक फक्त निघायच्या वेळेचा. तिथले रस्ते आपल्यासारखे नाहीत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे पौड रोडला लावू नका. पण ताम्हिणी पुण्यापासून सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटरवर आहे. म्हणजे १६ आणि ७२ च्या बरोबर मधल्या पट्ट्यात, जिथे लवकर पाठवलं तर फायदा आणि उशिरा पाठवलं तर जवळजवळ काहीच नाही.

तुमच्याच रविवारचा हिशोब करून बघू. समजा पुण्यात हेलिकॉप्टर तयार आहे, वैमानिक आणि डॉक्टर त्याच्या शेजारीच बसलेले आहेत. ११.२० ला फोन आला, "गाडी उलटली, एकजण आत अडकलाय, पोटाला मार आहे, नीट बोलत नाही." दोन मिनिटांत निर्णय झाला. इंजिन सुरू करून उड्डाण ११.३० ला. बारा मिनिटं हवेत. जागा शोधून, एक फेरी मारून उतरायला पाच मिनिटं, ११.४७. रुग्णाला बाहेर काढणं, श्वासनलिका आणि छाती पाहणं, सुई लावणं, स्ट्रेचरवर बांधून चढवणं याला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच. यात घाई करता येत नाही, कारण उडत्या हेलिकॉप्टरमध्ये आवाजामुळे स्टेथोस्कोपचा उपयोग नसतो आणि हात हलवायलाही जागा नसते. जे करायचं ते जमिनीवरच. १२.१० ला परत उड्डाण, १२.२५ ला पुणे. रुग्णालयाच्या आवारात उतरता आलं तर एकच्या आत थिएटर. मैदानावर उतरून पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्स लागली तर आणखी वीस मिनिटं धरा.

आता उशिराचा हिशोब. अ‍ॅम्ब्युलन्स १२.०५ ला पोचली, डॉक्टरने रुग्ण पाहिला आणि हेलिकॉप्टर मागितलं. वरिष्ठांना विचारणं, होकार येणं, १२.३० ला उड्डाण, पावणेएकला जमिनीवर, सव्वाला परत हवेत, दीडला पुणे. तोवर रुग्ण चाळीस मिनिटं घाटातल्या रस्त्याच्या कडेला नुसता थांबलेला. त्याऐवजी तीच अ‍ॅम्ब्युलन्स सव्वाबाराला सरळ पुण्याच्या दिशेने निघाली असती तर रविवारच्या गर्दीतही पावणेदोन-दोनपर्यंत पोचली असती. पंधरा ते तीस मिनिटांच्या फरकासाठी एवढं सगळं.

या हिशोबात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला तुमच्या निवेदनाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची वाटते. अ‍ॅम्ब्युलन्स थेट योग्य रुग्णालयात गेली असती, तिथे आधीच फोन गेला असता, बेड, रक्त आणि सर्जन तयार असते, तर तुमचा भाऊ सव्वादोन-अडीचला थिएटरमध्ये असता. म्हणजे एक तासाहून जास्त वेळ हेलिकॉप्टरशिवायच वाचत होता. पौड वाटेतच आहे, त्यामुळे श्वासनलिकेसाठी किंवा छातीत साठलेली हवा काढण्यासाठी तिथे थांबावं लागलं तर थांबायचं; पण पोटात रक्तस्राव आहे हे कळल्यावर तिथले तीस मिनिटं आणि पुण्यातले बेड शोधण्यातले पाऊण तास, हे दोन्ही वाचण्यासारखे होते. बेड शोधायचं काम रस्त्यावर नातेवाइकांनी करायचं नसतं. ते रुग्ण गाडीत चढत असतानाच नियंत्रण कक्षाने संपवलेलं असायला हवं.

मग जीव किती वाचतात? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय ट्रॉमा (म्हणजे अपघाती गंभीर इजा) नोंदींवर एक मोठा अभ्यास आला, गंभीर जखमी अशा २ लाख २३ हजारांहून जास्त प्रौढ रुग्णांचा. वय, इजेची तीव्रता वगैरे फरक लक्षात घेऊनही, वरच्या दर्जाच्या ट्रॉमा केंद्रात हेलिकॉप्टरने नेलेल्यांमध्ये जगण्याचं प्रमाण सुमारे दीड टक्क्याने जास्त होतं. म्हणजे ६५ गंभीर रुग्ण हेलिकॉप्टरने नेले तर त्यातला एक असा, जो रस्त्याने गेला असता तर दगावला असता. हा आकडा ऐकून काहीजण म्हणतात, "बस, एवढंच?" मला तसं वाटत नाही. गंभीर जखमींमध्ये दीड टक्का म्हणजे बरीच घरं. पण हेही खरं की उरलेल्या ६४ जणांच्या जगण्या-मरण्यात हेलिकॉप्टरने फरक पडला नाही. शिवाय हा नोंदींवरचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेला नाही. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या तज्ज्ञांनी सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ते एकमेकांपासून इतके वेगळे निघाले की फायद्याचा एकच आकडा काढता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. लवकर पाठवल्याने वेळ वाचतो याचा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. फक्त त्या लवकर पाठवण्यामुळे थेट किती जीव वाचतात याचा पुरावा त्यामानाने विरळ आहे.

माझं मत असं आहे की फायद्याचा मोठा भाग वेगातून येत नाही, तो हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या माणसांतून येतो. चांगल्या सेवांमध्ये असा डॉक्टर येतो जो रस्त्याच्या कडेला भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालू शकतो, छातीत छेद देऊन साठलेली हवा सोडू शकतो, रक्त चढवू शकतो. लंडनची हवाई अ‍ॅम्ब्युलन्स २०१२ पासून सोबत रक्ताच्या पिशव्या नेते. आणि रात्री ते उडत नाहीत, हीच मंडळी मोटारीने जातात. म्हणजे त्यांनीही महत्त्व पंख्याला दिलेलं नाही, अपघाताच्या जागी पोचणाऱ्या हातांना दिलेलं आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीतही यातलं बरंच करता येतं. उदाहरणार्थ, ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं स्वस्त इंजेक्शन. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या चाचणीत वीस हजारांहून जास्त रक्तस्रावाचे रुग्ण होते, भारतातलेही. त्यात या औषधाने मृत्यू कमी झाले, पण ते तीन तासांच्या आत द्यावं लागतं आणि पहिल्या तासात सर्वांत जास्त लागू पडतं. तीन तासांनंतर दिलं तर उलट अपाय होऊ शकतो. तुमच्या भावाला ते कधी मिळालं, हे केसपेपरवर लिहिलेलं असेल. बघा आणि डॉक्टरांना विचारा.

गोल्डन अवरबद्दलही, म्हणजे इजेनंतरच्या पहिल्या मोलाच्या तासाबद्दलही, तुम्ही विचारलंय. ही कल्पना बाल्टिमोरच्या आर. अ‍ॅडम्स काउली या सर्जनने रुजवली, आणि त्याच मेरीलँडमध्ये १९७० पासून पोलिसांच्या हेलिकॉप्टरने जखमी न्यायला सुरुवात झाली. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने गोल्डन अवरची व्याख्या आली: इजा झाल्यानंतरचा एक तास. पण साठाव्या मिनिटाला दार बंद होतं असं शरीरात काही नसतं. मोठी धमनी तुटलेल्याचा तास दहा मिनिटांचा असतो. मांडीचं हाड मोडून शुद्धीवर असलेल्याचा चार तासांचा. म्हणून सरसकट "एका तासात पोचवा" म्हणण्यापेक्षा कोणाचं घड्याळ जोरात पळतंय हे फोनवर ओळखणं महत्त्वाचं.

ते ओळखायचं कसं, इथे खरं कसब आहे. लंडनमध्ये हवाई सेवेचा एक अनुभवी पॅरामेडिक (अ‍ॅम्ब्युलन्सवरचा प्रशिक्षित आरोग्यसेवक) नियंत्रण कक्षातच बसून येणारे कॉल ऐकत असतो. काही गोष्टी कानावर पडल्या की तो पुढची चौकशी करत बसत नाही, पथक लगेच निघतं: दोन मजल्यांहून जास्त उंचीवरून पडणं, रेल्वेखाली येणं, गाडीतून बाहेर फेकलं जाणं, गाडीखाली अडकणं, मनगटाच्या किंवा घोट्याच्या वर अवयव तुटणं, त्याच गाडीतला दुसरा प्रवासी जागीच मरण पावणं. या सगळ्या गोष्टी डॉक्टर नसलेला माणूस बघून सांगू शकतो. बीपी किती, प्लीहा फाटली का, हे दुचाकीवाला सांगू शकत नाही. "तो गाडीबाहेर वीस फुटांवर पडलाय" हे मात्र तो नक्की सांगतो.

घाटातून येणारा फोन कसा असतो ते सांगते. वाऱ्याचा आवाज, दोन-तीन माणसं एकदम बोलतायत, "लवकर पाठवा, लय रक्त चाललंय," आणि कट. परत लागेल का याची शाश्वती नसते, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात तीनच प्रश्न. कुठे? कुठल्या हॉटेलपाशी, कुठल्या धबधब्यापाशी, किलोमीटरच्या दगडावर काय लिहिलंय. आणि माणगावच्या बाजूने की मुळशीच्या. किती जण, कोणी अडकलंय का, कोणी बाहेर फेकलं गेलंय का? आणि नाव विचारलं तर तो उत्तर देतो का? या तिसऱ्या प्रश्नाने माझं सर्वांत जास्त काम झालेलं आहे. जो स्वतःचं नाव सांगतो त्याची श्वासनलिका उघडी आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय. जो नुसता कण्हतो, किंवा आधी बोलत होता आणि आता गप्प झालाय, त्याच्यासाठी वाट पाहायची नाही. या तीन उत्तरांवर, गाडी पोचायच्या आधी, पुढची मदत सुटायला हवी आणि रुग्णालयात फोन जायला हवा.

यात चूक होणार. फोनवर भयंकर वाटलेला रुग्ण प्रत्यक्षात उठून बसलेला आढळेल आणि हेलिकॉप्टर अर्ध्यातून परत बोलवावं लागेल. अशी परत आलेली फेरी वाया गेली असं जिथे मानलं जातं, तिथे लवकर पाठवणं कधीच रुजत नाही. पुढच्या वेळी अधिकारी खात्री होईपर्यंत थांबतो. ट्रॉमाच्या क्षेत्रात यासाठी एक मान्य मोजमाप आहे: गंभीर रुग्ण चुकून मागे राहण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवायचं असेल, तर साधारण २५ ते ३५ टक्के वेळा विनाकारण धावाधाव सोसावी लागते. हे सेवा सुरू करायच्या आधीच लेखी ठरलं पाहिजे, नाहीतर ऑडिटच्या वेळी प्रत्येक परत फिरलेल्या फेरीचा खुलासा मागितला जाईल.

सगळ्यांनाच याचा उपयोग नसतो, हेही निवेदन लिहिताना ध्यानात असू द्या. हृदय बंद पडलेल्या माणसासाठी कुठलंही हेलिकॉप्टर वेळेत येत नाही. छाती दाबली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, त्याला शेजारी उभा असलेला माणूसच वाचवतो. हार्ट अटॅकमध्ये जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, प्रवास नंतर. पक्षाघातात साडेचार तासांची मुदत असते, तिथे दुर्गम भागातून हेलिकॉप्टर उपयोगी पडू शकतं. आणि हिंजवडी, वाघोली, कात्रज या पट्ट्यात कितीही ट्रॅफिक असला तरी अ‍ॅम्ब्युलन्सला वाट करून देणं हाच उपाय. तिथे हेलिकॉप्टर उतरवायला जागा शोधेपर्यंत गाडी पोचलेली असेल.

आता आपल्या भागातल्या अडचणी, आणि त्या मोठ्या आहेत. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे पुण्याच्या आकाशात उडायला त्यांच्या नियंत्रणाची परवानगी लागते. रोजच्या रुग्णसेवेसाठी ती आधीच ठरवून ठेवलेली असावी लागते. दर कॉलला नव्याने मागत बसलात तर लवकर पाठवण्याला अर्थच उरत नाही. मुळशीच्या पलीकडे भिऱ्याच्या वीजकेंद्राकडच्या उच्च दाबाच्या वाहिन्या डोंगरांवरून गेलेल्या आहेत. आणि हवामान. तुमच्या भावाचा अपघात मे महिन्यात झाला, आकाश मोकळं होतं. पण ताम्हिणीत सर्वांत जास्त गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये असते, आणि तेव्हा ढग थेट रस्त्यावर उतरलेले असतात. तशात हेलिकॉप्टर पाठवणं म्हणजे एकाच्या जिवासाठी आणखी चौघांचा जीव टांगणीला लावणं.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. २४ ऑगस्ट २०२४ ला खराब हवेत पौडजवळ एक खासगी हेलिकॉप्टर कोसळलं, सुदैवाने आतले चौघे वाचले. २ ऑक्टोबर २०२४ ला सकाळच्या धुक्यात बावधनला दुसरं कोसळलं आणि दोन वैमानिक व एक अभियंता, तिघेही गेले. चांदणी चौकातून ताम्हिणीला जाणाऱ्या याच रस्त्याच्या आसपास, दीड महिन्याच्या आत. ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर अ‍ॅम्ब्युलन्स सुरू केली, तो उपक्रम फार मोलाचा आहे. पण तेच हेलिकॉप्टर १७ मे २०२५ ला केदारनाथला रुग्ण आणायला गेलं असता उतरताना शेपटीपाशी मोडलं. आतले तिघेही सुखरूप होते.

म्हणून चांगल्या सेवांमध्ये एक शिस्त पाळतात, ती मला मनापासून पटते. वैमानिकाला फक्त ठिकाण सांगतात, रुग्णाबद्दल काहीही सांगत नाहीत. लहान मूल आहे, गरोदर बाई आहे हे कळलं की माणूस नको तो धोका पत्करतो. त्याने हवामान पाहून "नाही" म्हटलं की विषय संपला, कोणी आग्रह करायचा नाही. लवकर पाठवायच्या पद्धतीत हे आणखी गरजेचं, कारण सगळं घाईत होत असतं.

उतरायच्या जागेचंही तसंच. दिवसा निदान ३० मीटर बाय ३० मीटरची सपाट, मोकळी जागा लागते. वर तारा नकोत, आसपास सुटे पत्रे, गवताच्या पेंढ्या, वाळत घातलेले कपडे नकोत, पंख्याच्या वाऱ्याने ते उडून पंख्यातच जातात. लोकांना लांब ठेवायचं. शेपटीच्या बाजूने कोणीही, कधीही जायचं नाही, कारण मागचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही. घाटातल्या वळणावर अशी जागा मिळणं अवघड. त्यामुळे मला जास्त व्यवहार्य वाटते ती मधली भेट: फोन येताच दोन्ही निघायचं, अ‍ॅम्ब्युलन्सने रुग्णाला आधीच ठरलेल्या मैदानावर आणायचं, आणि ती पोचेपर्यंत हेलिकॉप्टर तिथे उतरून पथक तयार असायला हवं.

इथपर्यंतचं थोडक्यात: लवकर पाठवलेलं हेलिकॉप्टर दूरच्या, गंभीर, रक्तस्राव किंवा डोक्याला मार असलेल्या रुग्णाला खरोखर उपयोगी पडतं, उशिरा पाठवलेलं क्वचित, आणि दोन्हींच्या आधी फोन घेणारा माणूस आणि रुग्णालयाची तयारी लागते.

आता निवेदन. आपल्याकडे पाया नाही असं नाही. १०८ ची सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, सुरुवातीला ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे जास्त जीवरक्षक उपकरणं असलेल्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर, जे देशात बऱ्याच ठिकाणी नाही. आणि त्याचा नियंत्रण कक्ष आपल्या औंधमध्येच आहे. म्हणून तुमच्या जागी मी असते तर पहिली मागणी हेलिकॉप्टरची केली नसती. घाटातून आलेल्या कॉलसाठी वर सांगितल्यासारखे निकष लेखी ठरवा आणि ते जुळले की गाडी निघतानाच पुण्यातल्या रुग्णालयाला कळवून बेड पक्का करा, ही पहिली मागणी. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना अ‍ॅडव्हान्स्ड गाडी मुळशीच्या पुढे उभी ठेवा, ही दुसरी. तुमच्या घटनेत गाडी यायला लागलेली पंचेचाळीस मिनिटं यानेच कमी होतात. घाटात रेंजसाठी टॉवर, किंवा निदान ठरावीक अंतरावर आपत्कालीन फोन, आणि दरडी-वळणांवर स्पष्ट दिसणारे क्रमांक, म्हणजे जागा सांगता येईल. तोवर गावातल्या मुलांना एवढं सांगून ठेवा की स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो.

हेलिकॉप्टर मागायचंच असेल, आणि जरूर मागा, तर ते "एअर अ‍ॅम्ब्युलन्स द्या" असं मोघम मागू नका. सध्या खासगीत जे मिळतं ते बहुतेक आधी बुकिंग आणि पैसे भरून एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्यासाठी असतं, अपघाताच्या जागी येण्यासाठी नाही. तेच सरकारी खर्चाने मिळालं तर तुमच्या घाटाला काही उपयोग होणार नाही. फक्त दिवसा, पावसाळा सोडून, पहिल्या फोनवर निघणारं, १०८ च्या कक्षाला जोडलेलं आणि हवाई दलाची परवानगी आधीच घेतलेलं, असं स्पष्ट लिहा. त्यासोबत मुळशी, राजगड (आधीचं वेल्हे), भोर, जुन्नर या तालुक्यांतली उतरण्याजोगी मैदानं तपासून, नकाशावर क्रमांक देऊन ठेवावीत, हेही लिहा. हे काम तर ग्रामपंचायती आजही सुरू करू शकतात. शाळेचं मैदान मोजा, वरून तार गेलीय का बघा, फोटो काढा. खर्चाचा मुद्दा निघाला तर रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची मे २०२५ पासूनची योजना लक्षात असू द्या: सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता. ती रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, उड्डाणाचा खर्च वेगळा उभारावा लागेल.

आणि निवेदनाला जोड म्हणून माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा. ताम्हिणी ते पौड या पट्ट्यातून गेल्या तीन वर्षांत १०८ ला आलेल्या अपघाताच्या प्रत्येक कॉलच्या वेळा मागा: फोन कधी आला, गाडी कधी निघाली, जागेवर कधी पोचली, पहिल्या रुग्णालयात कधी, आणि शेवटच्या रुग्णालयात कधी. नावं मागू नका, ती मिळणारही नाहीत आणि लागतही नाहीत. त्या पाच रकान्यांत मिनिटं नेमकी कुठे जातात ते दिसेल, आणि किती कॉल दिवसाचे, मोकळ्या हवेतले आणि गंभीर होते तेही मोजता येईल. तो तक्ता हाती आला की पाठवा, आपण बसून बघू.